‘माझा प्रवास’ आणि शस्त्रधारी स्त्रीचे शरीर : एक चिकित्सा

प्रास्ताविक

शस्त्र हाती घेतलेल्या स्त्रीचे जे चित्र मराठी मनात कायमचे ठसलेले आहे, ते झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे होय. पुढचे पाय उचललेला घोडा, उगारलेली तलवार, पाठीशी बांधलेला दत्तक पुत्र. चौकाचौकातील पुतळे, शालेय पाठ्यपुस्तके, स्नेहसंमेलनातील वेशभूषा या सर्वांनी हे चित्र इतके परिचित केले आहे की त्यात काय नाही हे सहसा लक्षात येत नाही. त्यात तलवार आहे, पण ती पेलणारा दंड नाही. घोडा आहे, पण त्यावर मांड टिकवणाऱ्या मांड्या आणि कंबर नाही. राणीसाठी वापरली जाणारी विशेषणेही याच जातीची आहेत. ‘रणरागिणी’, ‘रणचंडी’ म्हटले की ती देवी होते. हिंदीतून आलेल्या ‘मर्दानी’ या शब्दाने ती पुरुष होते. सराव करणारी, दमणारी, तहानलेली स्त्री या दोन्हींत कोठेच बसत नाही. वि. वा. शिरवाडकरांनी राणीवरील आपल्या नाटकाला ‘वीज म्हणाली धरतीला’ असे नाव दिले. नाव देखणे आहे यात शंका नाही. परंतु विजेला स्नायू नसतात.

हा प्रश्न केवळ साहित्याच्या अभ्यासकांपुरता नाही. पोलीस भरतीच्या काळात ठाण्याच्या साकेत मैदानावर शेकडो तरुणी ८०० मीटर धावतात आणि गोळा फेकतात. एन.सी.सी.च्या विद्यार्थिनी विद्यार्थ्यांप्रमाणेच पॉइंट २२ रायफल चालवायला शिकतात. स्त्रियांनी लढाऊ तुकड्यांत जावे की नाही हा वाद न्यायालयांपर्यंत पोहोचला आहे आणि त्या वादात दोन्ही पक्ष राणीचेच उदाहरण देतात. एक पक्ष म्हणतो, राणी लढली, म्हणून स्त्रिया लढू शकतात. दुसरा म्हणतो, राणी हा अपवाद होता, अपवादावरून नियम ठरत नाही. शरीर वगळलेल्या एकाच चित्रावर दोघेही अवलंबून आहेत. ते शरीर ज्या मराठी ग्रंथात पुन्हा दिसते, त्याचा संबंध योगायोगाने कल्याणशी आहे.

कल्याणच्या दोन कथा

कल्याणचे नाव आणि स्त्री यांचा संबंध महाराष्ट्रात प्रामुख्याने एका कथेने जोडलेला आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, त्या प्रसंगी सुभेदाराची सून महाराजांपुढे आणली गेली आणि महाराजांनी तिला सन्मानाने परत पाठविले, ही ती कथा. समकालीन साधनांत या प्रसंगाला आधार सापडत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तरीही ती टिकली, कारण तिच्यातील नीतिमूल्य समाजाला प्रिय आहे. त्या मूल्याचा आदर राखूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. या कथेतील स्त्री काहीही करीत नाही. ती आणली जाते, पाहिली जाते आणि परत पाठविली जाते. युद्धातील स्त्री म्हणजे रक्षणाचा विषय, ही धारणा या कथेने जितकी खोल रुजविली तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने रुजविली असेल.

कल्याणशी निगडित दुसरी कथा मात्र कल्याणकरांनाही फारशी ठाऊक नसते. वरसई येथील विष्णुभट गोडसे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात शहरातच होते आणि १८५९ मध्ये गंगेची कावड घेऊन घरी परतले. वैद्य घराण्याशी त्यांचा घरोबा होता. कल्याणला जन्मलेले भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी सुमारे २५ वर्षांनंतर आपली हकीकत लिहून काढली. इंग्रजी अमलाच्या धास्तीमुळे ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. १९०७ मध्ये वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ म्हणून प्रसिद्ध केली, परंतु भाषा आणि मजकूर दोहोंत फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून पाठ सिद्ध करण्याचे काम दत्तो वामन पोतदारांनी केले आणि तो १९६६ मध्ये वाचकांपुढे आला. म्हणजे ज्या गावाच्या नावाने रक्षित स्त्रीची कथा सांगितली जाते, त्याच गावच्या एका विद्वानामुळे शस्त्रधारी स्त्रीविषयीचा सर्वांत जिवंत मराठी पुरावा वाचला.

भटजींची नजर

गोडसे भटजी इतिहासकार नव्हते, कवीही नव्हते. कोणी काय दान दिले, कोठे काय जेवण मिळाले, कोणाच्या अंगावर कोणते वस्त्र होते हे लक्षात ठेवण्याची त्यांची वृत्ती होती आणि या बाबतीत तीच त्यांची ताकद ठरली. राणीचे वर्णन करताना ते तिच्या तेजावर थांबत नाहीत, तिची दिनचर्या सांगतात. पहाटे उठून मल्लखांब करणे, मग घोड्यावर बसणे, शरीर कमावण्याचा तिला शौक असणे, असा तो तपशील आहे. त्याच ओघात ते तिच्या स्नानासाठी लागणारे हंडे आणि सुगंधी द्रव्येही सांगतात. दरबारात ती कधी स्त्रीवेषात, कधी पायजमा, अंगरखा आणि कमरेला तलवार अशा पुरुषी वेषात बसत असे, हेही नोंदवितात. पुढील चरित्रकारांना हे सर्व एकत्र ठेवणे अवघड वाटलेले दिसते. त्यांनी तलवार ठेवली, हंडे गाळले आणि मल्लखांबाला एका ओळीत उरकले.

खरे तर मल्लखांबाचा तपशील हाच या ग्रंथातील शस्त्रविषयक सर्वांत मोलाचा पुरावा आहे. मल्लखांबात पकड, मनगट, दंड, खांदे आणि पोट यांच्यावर शरीराचा सारा भार येतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या व्यायामाचे पुनरुज्जीवन केले अशी परंपरा सांगते आणि राणीचे बालपण बिठूरला याच बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या घरात गेले. म्हणजे तिला जो व्यायाम मिळाला तो पेशवाईच्या आखाड्यातला होता, अंतःपुरातला नव्हता. पुढे अनेक वर्षे मुलांकडे पुरलेला मल्लखांब आणि मुलींकडे दोराचा मल्लखांब अशी सर्वसाधारण वाटणी झाली. तिचे मूळ शरीरशास्त्रात शोधण्यापेक्षा संकोचात शोधणे अधिक योग्य ठरेल.

भटजींच्या साक्षीला मर्यादा आहेतच. आठवणी २५ वर्षांच्या होत्या, राजवाड्याच्या आत त्यांचा वावर मर्यादित होता आणि राणीच्या दानशूरपणाबद्दल त्यांच्या मनात कृतज्ञता होती. परंतु एका ठिकाणी त्यांची साक्ष संशयापलीकडची आहे, कारण तिथे ते स्वतःविषयी बोलतात. शहर पडल्यावर हा धडधाकट पुरुष लपतो, लुटला जातो, उपाशी राहतो आणि पायी वणवण करतो. याच काळात राणी वृद्ध सरदाराने विनवून मागे आणेपर्यंत तलवार घेऊन गोऱ्या सैन्यावर चालून जाते, रात्री वेढ्यातून निसटते आणि सुमारे १०० मैलांवरील काल्पीकडे घोड्यावरून जाते. वाटेत एका विहिरीजवळ भटजींना ती भेटते, ती पठाणी वेषातली, धुळीने माखलेली, तहानलेली. एकाच वाटेवर एक पुरुष आणि एक स्त्री दोघेही थकलेले आहेत. त्यांच्यातला फरक लिंगाचा नाही, कमावलेल्या शरीराचा आहे. मराठी गद्यात हा प्रसंग इतक्या साधेपणाने क्वचितच कोणी लिहिला असेल.

या वेढ्यात राणी एकटी नव्हती, ही गोष्टही लक्षात घ्यावी लागेल. झाशीच्या स्त्रिया तोफांच्या मोर्च्यांवर काम करीत आणि दारूगोळा पुरवीत असल्याचे सर ह्यू रोज यांच्या अहवालातही नमूद आहे. तोफ हे एका माणसाचे शस्त्र नव्हे. ओझे वाटून घेता येते आणि ज्याला जे जमते त्याने ते करावे अशीच मोर्च्याची रचना असते. घोडदळाचीही वेगळी तऱ्हा नव्हती. घोडा भार वाहतो आणि हलका स्वार घोड्याला सोयीचाच असतो. १७ जून १८५८ रोजी कोटा-की-सरायजवळ राणी पडली, ती घोडदळाच्या शिपायाच्या पोशाखात लढताना. तलवारीचे वजन किलोभराच्या आसपास असते. पायदळाच्या एन्फिल्ड बंदुकीचे वजन मात्र चार किलोंहून अधिक होते. राणीने पायी चालून ती बंदूक आणि पाठीवरचे सामान वाहिले असते, तर कथा निराळी झाली असती का? हा प्रश्न विचारल्याने तिचा अवमान होत नाही. उलट पुतळ्याखालील विशेषणांनी जो विचार थांबवला होता, तो येथून सुरू होतो.

भेद कोठे आणि किती

स्त्री-पुरुषांच्या शारीरिक क्षमतेतील सरासरी फरक नाकारणे हे अभ्यासाचे लक्षण नाही. यौवनावस्थेनंतर पुरुषांत स्नायूंचे प्रमाण, हाडांची जाडी, रक्तातील हिमोग्लोबिन आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरीने अधिक असते. हा फरक शरीरभर सारखा नाही. स्त्रियांच्या पायांची ताकद पुरुषांच्या सरासरीने ६० ते ७५ टक्के, तर दंड-खांद्यांची सुमारे ५० ते ६० टक्के भरते. धावण्यात तो आणखी कमी होतो. ८०० मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा (२०१२) आणि स्त्रियांचा १ मिनिट ५३.२८ सेकंदांचा (१९८३), म्हणजे सुमारे १२ टक्क्यांचे अंतर. पकडीच्या बाबतीत मात्र चित्र कठोर आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात ९० टक्के स्त्रियांची पकड ९५ टक्के पुरुषांपेक्षा कमी भरली. ज्यूदो, हँडबॉल यांसारख्या खेळांतील अव्वल स्त्री खेळाडूही सामान्य पुरुषांच्या मध्यमानापलीकडे क्वचितच गेल्या.

मल्लखांबाचे गुणगान करणाऱ्या कोणालाही हा निष्कर्ष डावलता येणार नाही. सरावाने स्त्रीची ताकद वाढते, पण त्याच सरावाने पुरुषाचीही वाढते. सरासरीतील अंतर सरावाने पुसले जात नाही. राणीने नेमका तोच व्यायाम निवडला ज्याने फरक सर्वाधिक असलेल्या अवयवांना बळ येते, हे तिच्या शिक्षणाचे शहाणपण होते. तिने फरक मिटविला असे म्हणणे ही भावुकता ठरेल.

नेमबाजीत मात्र हिशेब पालटतो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन स्थिती रायफल प्रकारात स्त्री-पुरुष एकत्र उतरत असत. त्यात अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक यांनी सुवर्णविजेत्या पुरुषाइतकेच गुण मिळविले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चीनच्या झांग शान यांनी स्कीट प्रकारात पुरुषांना हरवून सुवर्णपदक जिंकले. पुढच्या स्पर्धेत त्या प्रकारात स्त्रियांना प्रवेशच नव्हता. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. स्पर्धेतील एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत वजनाची असू शकते, म्हणजे पायदळाच्या रायफलीहून जडच. तरीही २०१७ पर्यंत १० मीटर एअर रायफलमध्ये पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ४० फैरी असत. २०१८ पासून दोघांना ६० झाल्या आणि स्त्रियांच्या नेमात काही बिघडले नाही. तो ४० चा आकडा शरीराने ठरविला नव्हता, नियमावलीने ठरविला होता.

येथे कोणी म्हणेल की नेमबाजीचा हॉल म्हणजे रणभूमी नव्हे. आक्षेप रास्त आहे. अमेरिकी मरीन दलाने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात १३४ कामांपैकी ९३ कामांत केवळ पुरुषांची पथके मिश्र पथकांपेक्षा सरस ठरली. ओझे घेऊन चाल केल्यानंतरच्या नेमबाजीतही हा फरक दिसला. स्नायू-अस्थींच्या दुखापतींचे प्रमाण स्त्रियांत सुमारे ४० टक्के आणि पुरुषांत सुमारे १९ टक्के होते. या आकड्यांचा आधार घेऊन ‘विज्ञानाने निकाल दिला’ असे म्हणणारे एक गोष्ट सोडून देतात. प्रयोगाने पथकांच्या सरासरी मोजल्या, कामासाठी आवश्यक किमान पातळी कोणती आणि ती कोणत्या व्यक्तीने गाठली हे ठरविले नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने सर्व लढाऊ पदे स्त्रियांना खुली केली, तीही घाईच होती असे म्हणायला जागा आहे. सरासरीवरून व्यक्तीला नाकारणे आणि सरासरीच नाकारणे, दोन्ही सारखेच अशास्त्रीय आहे.

दुखापतींच्या आकड्यालाही एक पोटकथा आहे. ब्रिटिश हवाईदलातील तीन माजी स्त्री प्रशिक्षणार्थींना संचलनात पुरुषांच्या लांब पावलांशी जुळवून घ्यावे लागल्याने ओटीपोटाच्या हाडांना इजा झाली आणि २०१३ मध्ये त्यांना भरपाई मिळाली. त्यांचे शरीर कमी पडले की पावलाचे माप चुकले? आणि आपल्याकडे तर ताटापासून सुरुवात करावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, पुरुषांत हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. मैदानावर दम लागणाऱ्या तरुणीचे घड्याळ निसर्गदत्त भेद किती आणि घरातील वाढणीतला भेद किती दाखवते, हे वेगळे काढणारी चाचणी अस्तित्वात नाही.

गोळा आणि रायफल

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. पुरुषांना १६०० मीटर, स्त्रियांना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर, आणि गोळाफेक. गोळा पुरुषांसाठी ७.२६० किलोंचा, स्त्रियांसाठी ४ किलोंचा. ही वजने अ‍ॅथलेटिक्सच्या स्पर्धांतून आलेली आहेत, पोलिसाच्या कामातून नव्हे. भरती झाल्यानंतर हाती येणारी रायफल मात्र दोघांना एकच असते. एस.एल.आर. असो वा इन्सास, वजन चार किलोंच्या वरच. म्हणजे एन्फिल्डपासून दीडशे वर्षांत ओझे फारसे उतरलेले नाही. गोळ्याने लिंगभेद मान्य केला, रायफलीने केला नाही आणि या विसंगतीचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

चाचण्या दोन प्रकारच्या असतात हे येथे समजून घेणे अगत्याचे आहे. उमेदवार आपल्या वयाच्या आणि लिंगाच्या मानाने निरोगी व तंदुरुस्त आहे का, हे पाहणारी चाचणी एक. तिचे निकष स्त्री-पुरुषांना वेगळे असणेच न्याय्य. विशिष्ट काम उमेदवाराकडून होईल का हे पाहणारी चाचणी दुसरी. तिचा निकष एकच असायला हवा, कारण जखमी सहकारी उचलणाऱ्याचे लिंग पाहून हलका होत नाही. ब्रिटिश लष्कराने २०१८ मध्ये सर्व भूमिका स्त्रियांना खुल्या केल्या आणि पाठोपाठ कामाधारित, सर्वांना समान चाचण्या आणल्या. आपल्याकडे पहिल्या प्रकारची चाचणी घेऊन तिलाच दुसऱ्या प्रकारचे वजन दिले जाते. परिणामी निवडून आलेल्या तरुणीला ‘सवलतीने आलेली’ हा शिक्का आयुष्यभर वागवावा लागतो आणि तो पुसण्याची संधी तिला कोणतीच चाचणी देत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० च्या बबिता पुनिया प्रकरणातील निकालात स्त्रियांच्या ‘शारीरिक मर्यादां’चा शासकीय युक्तिवाद रूढ समजुतींवर आधारलेला म्हणून फेटाळला. निकाल स्थायी नियुक्ती आणि नेतृत्वपदांवरील (कमांड) नेमणुकांपुरता होता आणि तेवढ्यापुरता तो निर्विवाद योग्य होता. पण त्याचा हवाला लढाऊ पायदळाच्या चर्चेत जसाच्या तसा देणे म्हणजे न्यायालयाने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे होय. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ महिला कॅडेटांची पहिली तुकडी बाहेर पडली. सह्याद्रीच्या त्याच डोंगरवाटांवर त्यांनी तीन वर्षे काढली. त्यांच्या प्रशिक्षणातून निघणारी दुखापतींची, आहाराची आणि नेमबाजीची माहिती अभ्यासकांना खुली झाली, तर या विषयावर परदेशी प्रयोगांचे आकडे उसने घेण्याची गरज बरीच कमी होईल.

शस्त्र शरीराला जुळवून घेता येते, ही बाजूही दुर्लक्षित राहते. रायफलीचा दस्ता खांद्यापासून खटक्यावरील बोटापर्यंतच्या अंतराला बसावा लागतो. दस्ता लांब पडला की मान ताणली जाते, पकड सुटते आणि नेम ढळतो. ठरावीक लांबीचा दस्ता सरासरी पुरुषाच्या हाताला बेतलेला असतो, म्हणून त्याचा त्रास बुटक्या पुरुषालाही होतोच. नव्या एके-२०३ रायफलीला लांबी बदलता येणारा दस्ता आहे. राणीच्या घोड्याचे खोगीर आणि रिकीब तिच्या मापाची होती, याबद्दल भटजींनी काही लिहिलेले नाही. लिहिण्याजोगे त्यात काही आहे असे त्यांना वाटले नसावे, कारण आखाड्यात आणि पागेत माप घेऊनच काम होत असे. भरतीची नियमावली पुढे जेव्हा केव्हा बदलेल, तेव्हा चार किलोंच्या गोळ्याऐवजी उमेदवाराच्या मापाचा दस्ता बसविलेली चार किलोंची रायफल, तीही ८०० मीटर धावून आल्यावर लगेच, हाती देऊन पाहायला हरकत नसावी.